गुळवेल, कावीळ आणि केईएम

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात गुळवेल दोनदा आली. पहिल्यांदा १९८० च्या दशकाच्या अखेरीस, परळच्या केईएम रुग्णालयात. तेव्हा ती ऑपरेशनच्या रोग्यांना तारणारी म्हणून आली. दुसऱ्यांदा २०२० साली, करोनाच्या दिवसांत, आणि या वेळी आरोपी म्हणून. दोन्ही वेळा विषय यकृताचा. दोन्ही वेळा साक्षीदार याच शहरातले नामांकित डॉक्टर. मधल्या तीस वर्षांत वेल काही बदलली नाही. मग हे झालं कसं?

मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत आयुष्य गेलं. पण निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो आणि आमच्या वयाच्या माणसांच्या गप्पा फिरून फिरून गोळ्यांवर, रिपोर्टांवर आणि 'कुणाचं कसलं ऑपरेशन झालं' यावरच येतात. त्यातून मग वाचत गेलो. गुळवेलीची ही हकिगत मला फार विलक्षण वाटली, शिवाय तिच्यातली दोन माणसं मराठी वाचकांना चांगली ठाऊक असलेली. म्हणून लिहून ठेवतो आहे.

आधी थोडं कावीळीबद्दल, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या शाळेत दर पावसाळ्यात एका-दोघांची तरी कावीळ ठरलेली असे. महिनाभर मूल गैरहजर. परत येई तेव्हा गळ्यात वेलीच्या तुकड्यांची माळ असे. ती माळ दिवसेंदिवस लांब होत जाते आणि गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली, असं पालक अगदी श्रद्धेने सांगत. (ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, माळ लांबते. मुलांना हे सांगितलं की मुलं हसत, पालक रागावत.) कुणी चुन्याच्या निवळीत हात धुऊन घेई आणि पाणी पिवळं झालं की कावीळ 'निघाली' म्हणे. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यातली आंब्याच्या सालीच्या रसाची युक्ती केव्हाच उघडी केली आहे. कुठे दंडावर डाग देत. आणि गंमत म्हणजे यातली बहुतेक मुलं बरी होत! कारण दूषित पाण्यातून होणारी ती साधी कावीळ विश्रांतीने आपोआपच बरी होते. माळवाल्यालाही श्रेय, डाग देणाऱ्यालाही श्रेय आणि रोज ग्लुकोजचं पाणी पाजणाऱ्या आईलाही श्रेय. यकृताच्या औषधांचा इतिहास वाचताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. जो आजार आपला आपण बरा होतो, त्यावर जगातलं प्रत्येक औषध लागू पडतं.

पण कावीळीची दुसरी जात आहे, ती अशी उतरत नाही. पित्तनलिकेत खडा अडकला किंवा गाठ झाली की पित्ताची वाट बंद होते. तुंबलेलं पित्त रक्तात उतरतं, डोळे हळदीसारखे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते आणि आतड्यात पित्त न पोचल्यामुळे शौचाचा रंग पांढुरका होतो. आपल्या चरकाने कामलेचे प्रकार सांगताना ही खूण अचूक टिपली आहे. वाटेलाच अडथळा झाला तर मळ तिळाच्या वाटलेल्या गोळ्यासारखा दिसतो, असं तो म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आहे. त्याच चरकाने कामलेवर गुडूचीचा, म्हणजे गुळवेलीचा, रस मधातून सांगितला आहे.

या कावीळीला माळ चालत नाही. अडथळा काढावा लागतो. आणि एके काळी हे ऑपरेशन म्हणजे सर्जनच्या छातीत धडकी भरवणारं प्रकरण होतं.

पहिली भीती रक्ताची. कावीळ झालेल्या माणसाला सुरी लावली की रक्त थांबतच नसे. ऑपरेशन नीट पार पडे, टाके घातले जात, आणि दोन-तीन दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन माणूस जाई. याचं उत्तर डेन्मार्कमध्ये कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करताना मिळालं. हेन्रिक डाम या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये रक्त गोठायला लागणाऱ्या एका जीवनसत्त्वाला 'के' हे नाव दिलं. ते आतड्यातून शोषलं जायला पित्त लागतं. पित्त अडलं की 'के' अडलं, 'के' अडलं की यकृताला रक्त गोठवणारी द्रव्यं बनवता येत नाहीत. १९३८ च्या सुमारास कावीळीच्या रोग्यांना ते देऊ लागले आणि ही पहिली भीती पुष्कळ कमी झाली. डामना १९४३ चं नोबेल पारितोषिक एडवर्ड डॉइझी यांच्यासोबत विभागून मिळालं.

दुसरी भीती भुलीची. हिचा इतिहास तर आपल्या दाराशीच घडला आहे. एडिंबरोच्या सिम्प्सनने नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत ते हिंदुस्थानभर पोचलं. त्याने टेबलावरच माणसं दगावतात, ती श्वास थांबून की हृदय थांबून, यावर डॉक्टरांत मोठा वाद होता. तो मिटवायला हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. आजचा आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. शेकडो कुत्री-माकडं क्लोरोफॉर्मने मारून आयोगाने निष्कर्ष काढला की आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे झालं. पुढे हा निष्कर्ष अपुरा ठरला. पण मला वेगळंच वाटतं. एवढी मोठी चौकशी झाली ती टेबलावरच्या काही मिनिटांची. जनावर त्यातून वाचलं तर तीन दिवसांनी त्याचं काय होतं, हा आयोगाचा प्रश्नच नव्हता! १८९४ मध्ये लंडनच्या लिओनार्ड गथ्री यांनी काही मुलांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. ऑपरेशन उत्तम झालेलं, मूल शुद्धीवर आलेलं, आणि मग उलट्या, तडफड, बरळणं, बेशुद्धी, मृत्यू. शवविच्छेदनात यकृत चरबीने भरलेलं. क्लोरोफॉर्मचा उशिरा फुटणारा हा डंख होता आणि तो यकृतावर होता.

१९५६ मध्ये हॅलोथेन आलं, तेव्हा डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला. इंग्लंडच्या एका रसायन कंपनीत चार्ल्स सकलिंग यांनी ते १९५१ मध्ये बनवलं होतं. ते पेट घेत नाही, वास गोडसर, भूल झटकन येते. जगभर पसरलं. आणि दोनच वर्षांत कुजबुज सुरू झाली की ऑपरेशननंतर आठवड्याभराने एखाद्याला कावीळ होते आहे. अमेरिकेत ३४ रुग्णालयांतल्या १९५९ ते १९६२ या काळातल्या सुमारे साडेआठ लाख भुलींची तपासणी झाली, तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. यकृत जळून मृत्यू येण्याचा धोका ढोबळमानाने पस्तीस हजारांत एक. म्हणजे अगदी विरळा, पण खरा. एकदा हॅलोथेन दिलेल्या माणसाला थोड्या दिवसांत पुन्हा दिलं तर तो वाढतो, हेही कळलं. कारण पुढे सापडलं ते असं. यकृत या औषधाचा थोडा भाग फोडतं, त्यातले तुकडे यकृताच्याच प्रथिनांना चिकटतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनांना परका शत्रू समजून आपल्याच यकृतावर तुटून पडते. विष नव्हे, गैरसमज. हा मुद्दा ध्यानात ठेवा, गुळवेलीच्या वेळी पुन्हा लागणार आहे. पाश्चात्त्य देशांनी हॅलोथेन हळूहळू सोडलं, आपल्याकडे स्वस्त म्हणून ते पुढे बरीच वर्षं चाललं.

तिसरी भीती जंतूंची, आणि इथेच केईएम येतं.

आम्ही मुलुंडकर असल्यामुळे मला यकृत म्हटलं की चेकनाका आठवतो. जकात होती तोवर (ती १ जुलै २०१७ ला गेली) मुंबईत शिरणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबे, माल तपासला जाई, मगच आत. आतड्यातून निघालेलं सगळं रक्त तसंच आधी यकृताच्या नाक्यावर येतं. तिथे कुप्फर पेशी नावाचे पहारेकरी बसलेले असतात. आतड्यातून चुकार आलेले जंतू ते तिथल्या तिथे गिळून टाकतात. पित्त तुंबलं की हे पहारेकरी पेंगू लागतात. जंतू आणि त्यांचं विष सरळ रक्तात घुसतं, मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात जंतुदोष पसरतो. सर्जनचं काम निर्दोष, रक्तस्रावही नाही, आणि तरी आठव्या दिवशी माणूस हातचा जातो. म्हणून आधी त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त बाहेर काढायचं, कावीळ जरा ओसरू द्यायची, प्रतिजैविकं द्यायची आणि मग ऑपरेशन, अशी पद्धत आली. तरीही माणसं जात.

केईएममध्ये त्या काळी डॉ. रवी बापट सर्जन होते. 'वॉर्ड नं. पाच, केईएम' ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्यांची वेगळी ओळख नको. आणि त्याच इमारतींच्या आवारात, सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात होत्या डॉ. शरदिनी डहाणूकर. झाडाफुलांवर त्यांनी लिहिलेले ललित लेख आम्हा मराठीच्या मास्तरांना आधी माहीत झाले. त्या औषधशास्त्राच्या अधिकारी संशोधक आहेत हे मागाहून कळलं. आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक प्रयोगाच्या कसोटीवर घासून बघायच्या, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. उर्मिला थत्ते यांच्याबरोबर त्यांनी आयुर्वेदाकडे नव्याने पाहणारं इंग्रजी पुस्तकही १९८९ मध्ये लिहिलं. आयुर्वेद म्हटलं की एक तर डोळे मिटून मान डोलवणारे भेटतात, नाही तर नाक मुरडणारे. ही बाई दोन्हींतली नव्हती.

सर्जनची अडचण आणि औषधशास्त्राची उत्सुकता यांची गाठ पडली ती अशी. पित्तनलिका बंद असलेल्या रोग्याची प्रतिकारशक्ती खचते, आणि आयुर्वेदात गुळवेल 'रसायन' म्हणून सांगितली आहे, म्हणजे बळ देणारी. तर ही वेल त्या पेंगणाऱ्या पहारेकऱ्यांना जागं करते का? आधी उंदीर. पित्तनलिका बांधून चार आठवडे कावीळ करायची आणि मग जंतू टोचायचे. नुसत्या कावीळवाल्या उंदरांतले तीन-चतुर्थांशांहून जास्त मेले. गुळवेलीचा अर्क दिलेल्यांत सहातला एक मेला. हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं.

मग माणसं. अडथळ्याच्या कावीळीचे तीस रोगी घेतले, कुणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता दोन गट पाडले. दोघांनाही नेहमीचे सगळे उपचार, म्हणजे 'के' जीवनसत्त्व, प्रतिजैविकं, नळीने पित्त काढणं. एका गटाला शिवाय गुळवेल, तोंडाने, दर किलो वजनामागे रोज १६ मिलिग्रॅम. निर्मला रेगे, बापट, डहाणूकर आणि सहकाऱ्यांचा हा लेख १९९३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी'त आला. पित्त काढून झाल्यावर पहिल्या गटातल्या निम्म्या रोग्यांना रक्तात जंतुदोषाची लक्षणं दिसली, गुळवेलवाल्या गटात एकालाही नाही. ऑपरेशननंतर जगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्या गटात ९२ टक्के.

आकडे वाचून छाती फुगते खरी. पण मी वर्गात बेरजा-वजाबाक्या न शिकवलेला माणूस असलो तरी तीस ही संख्या लहान आहे एवढं मलाही कळतं. असे प्रयोग हजारांवर व्हायला लागतात. मला मात्र त्या लेखातली दुसरीच एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. दोन्ही गटांत यकृताच्या तपासण्या सारख्याच राहिल्या! गुळवेलीने यकृत 'साफ' केलं नाही, कावीळ 'उतरवली' नाही. तिने काम केलं ते पांढऱ्या पेशींवर, जंतू गिळण्याच्या आणि मारण्याच्या ताकदीवर. म्हणजे केईएमने गुळवेल यकृताचं टॉनिक आहे असं कधीच म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की ती प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि एका ठरावीक तऱ्हेच्या रोग्याला ऑपरेशनच्या आगेमागे त्याचा उपयोग होतो.

डॉ. डहाणूकर २००२ मध्ये गेल्या. पुढचं पर्व त्यांनी पाहिलं नाही.

२०२० मध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मार्चपासून दारं बंद. सकाळ-संध्याकाळ काढे. मोबाइलवर दिवसाला दहा निरोप, त्यातले आठ प्रतिकारशक्तीचे. आमच्या सोसायटीत कुंपणावर चढलेल्या वेलीची ओळख पटल्याबरोबर ती दोन महिन्यांत मुळासकट संपली. डोंगराच्या बाजूला सकाळी फिरायला जाणारे पिशव्या भरभरून वेली आणू लागले. हृदयाच्या आकाराचं पान दिसलं की गुळवेल, एवढीच परीक्षा. ज्याला वेल मिळाली नाही त्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या, रस, सत्त्व आणलं. केईएममधल्या रोग्याला मोजून, तपासून, काही दिवस दिलेलं औषध आता धडधाकट माणसं अंदाजपंचे आणि महिनोन्‌महिने घेत होती. त्यातल्या कुणाचीच पित्तनलिका बंद नव्हती.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांकडे सहा रोगी आले. कुणाला कावीळ, कुणाच्या पोटात पाणी. नेहमीची कारणं तपासली, दारू नाही, विषाणू नाही. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की सगळे जण गुळवेल घेत होते. काहींना आधीपासून थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा त्रास होता. यकृताचा तुकडा तपासला तेव्हा जे दिसलं ते स्वप्रतिकारक आजारासारखं होतं. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या यकृतावर उलटलेली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि एकच गदारोळ उठला. केंद्रीय आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पत्रक काढून गुळवेलीला दोष देणं दिशाभूल करणारं आहे असं सांगितलं. डॉक्टरांनी वनस्पतीची नीट ओळख पटवली नाही, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा त्रेचाळीस रोग्यांची माहिती छापली. त्यातही पुष्कळांच्या रक्तात स्वप्रतिकारक आजाराच्या खुणा होत्या. काही जण दगावले. मंत्रालयाने त्या वर्षी पुन्हा गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं.

दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना खोटं ठरवत होते. आयुर्वेदद्वेष्टे आणि ॲलोपथीद्वेष्टे अशी भांडणं घराघरांत लागली. मला वाटतं, केईएमचा जुना लेख शांतपणे वाचला असता तर निम्मं भांडण मिटलं असतं. जी वेल पेंगणाऱ्या पहारेकऱ्याला जागं करते, तीच आधीच चिडलेल्या पहारेकऱ्याच्या हातात दंडुका देऊ शकते. १९९३ चा निष्कर्ष आणि २०२१ चा निष्कर्ष एकमेकांविरुद्ध नाहीत. उलट पहिला खरा असेल तर दुसऱ्याची शक्यता मानावीच लागते. ज्याच्या शरीरात स्वप्रतिकारक आजार झोपलेला आहे त्याला प्रतिकारशक्ती वाढवणारं काही द्यायचं म्हणजे काय, हा प्रश्न चरकाचाही आहे आणि केईएमचाही. रोगी बघून औषध द्यावं हे तर आयुर्वेद पहिल्या पानापासून सांगतो. मोबाइलवरच्या निरोपाला रोगी दिसत नाही.

वनस्पतीची ओळख हा मंत्रालयाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. डोंगरावरून आणलेल्या त्या पिशव्यांत काय काय होतं ते मी पाहिलं आहे. त्यात एकदा चक्क मनीप्लांट निघाला.

आता थोडं आजच्या गोष्टीबद्दल, कारण हा विषय नुसता इतिहासाचा नाही. बोरिवलीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या पित्तनलिकेत खडा अडकला. दुर्बिणीतून खडा काढला, आणि मग पित्ताशय काढायचं ठरलं. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'काका, आणखी काही औषधं?' भावाने रक्तदाबाची गोळी सांगितली. बाई म्हणाल्या, 'घरगुती काही? काढा, चूर्ण, रस?' भाऊ म्हणाला, 'नाही, नाही.' शेजारी उभी असलेली वहिनी म्हणाली, 'अहो, ते रोज सकाळचं गुळवेलीचं पाणी?' भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या लेखी ते औषध नव्हतंच, चहाआधीचं पाणी होतं. बाईंनी ते लिहून घेतलं, तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं आणि ऑपरेशनआधी यकृताची तपासणी पुन्हा करवली. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी वनस्पतींची औषधं दोन आठवडे तरी थांबवावीत असा आता सर्वसाधारण शिरस्ता आहे, कारण काहींनी रक्त पातळ होतं, काहींनी भूल लांबते, आणि ऑपरेशननंतर यकृताच्या आकड्यांत काही बिघडलं तर नेमका चोर कोण ते कळत नाही.

कारण संशयित तेव्हा पुष्कळ असतात. घरी सोडताना भावाला मिळालेली पिशवीच बघा. दुखण्यावर पॅरासिटामॉल. हे १८७८ मध्ये बनवलेलं, १९५० च्या दशकात घराघरांत पोचलेलं आणि योग्य प्रमाणात फार सोज्वळ औषध. पण १९६६ मध्ये एडिंबरोहून आलेल्या हकिगतींनी दाखवलं की जास्त झालं तर ते यकृत जाळतं. त्याचा थोडा भाग यकृतात विषारी होतो, तो निवळायला यकृताकडे एका द्रव्याचा साठा असतो, आणि उपाशी, अशक्त माणसात तो साठा कमी असतो. ऑपरेशननंतर माणूस अशक्तच असतो की! धडधाकट प्रौढाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा. घोटाळा होतो तो असा की दुखण्याच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीतही तेच, नावं मात्र तीन. अमेरिकेने २०११ मध्ये चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत त्याचं प्रमाण ३२५ मिलिग्रॅमवर आणायला लावलं, आपल्याकडेही त्याच सुमारास तशी मर्यादा आली. मी भावाच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली आणि कागदावर बेरीज करून दिली. बेरीज ठीक निघाली.

दुसरं औषध प्रतिजैविक, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची जोडगोळी. पाश्चात्त्य देशांत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेत हिचं नाव सगळ्यांत वर असतं. आपल्याकडे गंभीर प्रकरणांत पहिला मान क्षयाच्या औषधांचा. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या ३१३ रोग्यांच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त जणांना ती बाधली होती. म्हणून काही ही औषधं टाकायची नसतात. क्षयाने मरण्यापेक्षा महिन्याला रक्त तपासणं बरं. त्या जोडगोळीची खोड मात्र निराळी. औषध संपवून माणूस ती विसरून गेलेला असतो आणि मग कधी कधी, सहा आठवड्यांपर्यंत केव्हाही, कावीळ दिसते. तोवर घरच्यांनी हौसेने आणलेली दोन टॉनिकं सुरू झालेली असतात. मग दोष टॉनिकाला, किंवा सर्जनला.

पिशवीत तिसरी बाटली होती ती पाहुण्यांनी आणलेल्या 'लिव्हर टॉनिक'ची. आपल्याकडे यकृताचं काही निघालं की ही बाटली येतेच, नारळ-पेढ्यांसारखी. वहिनीने ती डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, 'ठेवा कपाटात.'

भावाला त्यांनी तीनच खुणा सांगितल्या. लघवी चहासारखी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले, तर सरळ यायचं, आणि येताना घेत असलेलं सगळं, अगदी सगळं, पिशवीत घालून आणायचं. वहिनीने कालनिर्णयवर प्रतिजैविकाच्या शेवटच्या गोळीपासून सहा आठवडे मोजून खूण केली आणि रोज सकाळी खिडकीशी उभं करून ती त्याचे डोळे बघत असे. खूण केलेला तो मंगळवार गेल्या महिन्यात येऊन गेला. डोळे पांढरे आहेत.